सेंगे कोणाचा

माझा स्वभाव जळकुकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत शेजारच्याच्या अक्षरावर जळलो, कॉलेजात दुसऱ्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर जळलो, नोकरीत ज्याची ज्याची चांगल्या जागी बदली झाली त्याच्यावर जळलो. पण उभ्या आयुष्यात सगळ्यात जास्त ज्याच्यावर जळलो तो वीतभर उंचीचा एक कुत्रा होता. संपादकांनी ढोरांच्या डॉक्टरकीतले अनुभव लिहायला सांगितले आहेत. अनुभव पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की तो कुत्राच मध्ये येऊन बसतो. तेव्हा त्याचंच सांगतो.

साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं डॉक्टर होतो. बाहेरच्यांना वाटतं, जनावरांचा डॉक्टर म्हणजे कानाला नळी लावून छाती ऐकणारा. आमचं काम नळीचं कमी, खांद्याचं जास्त. गाय अडली की हात खांद्यापर्यंत आत घालायचा, वासराचा पाय कुठे मुडपला आहे ते डोळे मिटून चाचपायचं, पाय सरळ करून दोरी अडकवायची आणि गाईला कळ आली की तिच्याबरोबर ओढायचं. कळ नसताना जोर लावला तर गाय हातची जाते. पावसाआधी गावोगाव घटसर्पाची लस टोचत हिंडायचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बैल चिखलात पाय मुरगाळून घेत आणि पोळ्याच्या आत प्रत्येकाला आपला बैल धडधाकट करून हवा असे. या सगळ्याचा वास अंगात इतका मुरायचा की साबण हात टेकायचा. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान बहुतेक रिकामंच राही.

माझा वर्गमित्र विनायक मात्र नागपुरात कुत्र्यांचा डॉक्टर झाला होता. परीक्षेत तो माझ्या मागे असे, त्यामुळे तर जास्तच पोटात दुखायचं. त्याच्याकडे फियाट होती, दवाखान्यात पंखा होता आणि त्याची जनावरं आंघोळ करून यायची. कधी या बाजूला आला की माझ्याकडे चहा घ्यायचा आणि कपाळाला आठ्या न पाडता माझ्या हातांकडे पाहायचा. ते न पाडणंच मला जास्त झोंबायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास तो असाच आला आणि म्हणाला, तुमच्या जंगलात तिबेटी लोकांची वस्ती आहे ना, तिथून मला एक ल्हासा आप्सो मिळवून दे. त्याच्या कोण्या बड्या गिऱ्हाइकाला हवा होता. नागपुरात तसा कुत्रा पैसे मोजूनही मिळत नव्हता म्हणे. मी हो म्हटलं. तो गेल्यावर मात्र विचार करत बसलो. ज्या कुत्र्यासाठी नागपूर तरसतं तो माझ्या हद्दीत आहे, आणि मी तो काढून विनायकच्या हातावर ठेवू? काहून बाप्पा? मला काय कुत्रा पाळता येत नाही?

ही वस्ती गोठणगावाच्या बाजूला होती. देश सोडून आलेल्या तिबेटी लोकांना सरकारने तिथे जमिनी दिल्या होत्या. ते मका लावत, गाई ठेवत आणि थंडीत स्वेटरं विकायला शहरोशहरी जात. जनावरं टोचायला मला तिकडे जावंच लागे. आता जाताना माझी नजर कुत्र्यांवर असायची. झिपरी कुत्री तिथे पुष्कळ होती, पण गावठी कुत्र्यांशी सरमिसळ झालेली. कोणाचे पाय लांब, कोणाचं शेपूट सरळ. पुस्तकात त्या जातीवर जेमतेम अर्धं पान होतं, ते मी पाठ केलं होतं. अंग लांबट, पाय आखूड, शेपूट पाठीवर वळलेलं, खालचा जबडा किंचित पुढे आणि डोळ्यांवर केसांचा पडदा. तसा कुत्रा काही दिसेना.

शेवटी दिसला तो एका म्हातारीच्या घरात. त्यांच्यात आईला आदराने आमा-ला म्हणतात, सगळी वस्ती तिला तसंच हाक मारायची. तिची गाय अडली म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी ओसरीवरून आत डोकावलो तर कोनाड्यात मधाच्या रंगाची केसाळ उशी ठेवलेली. उशीने मान वर केली आणि माझ्यावर असं काही भुंकली की मी दोन पावलं मागे आलो. आमा-लाकडे अशा कुत्र्यांची जोडी आणि त्यांचं वयात आलेलं एक पिल्लू होतं. ही जात तिने तिबेटातून येताना वाटेत बाकी सगळं टाकून देऊन जपून आणली होती. पिल्लाचं नाव सेंगे. त्यांच्या भाषेत सेंगे म्हणजे सिंह.

गाय सुटली, वासरू जगलं. हात धुताना मी विषय काढला. ती विकणार नाही म्हणाली. आप्सो विकायचा नसतो, द्यायचा असतो. हा त्यांचा रिवाज की तिचा एकटीचा, मला माहीत नाही. मी मग त्या वाटेला जास्तच फेऱ्या मारू लागलो. गाईला टॉनिक दे, वासराला जंताचं औषध दे, असं काहीबाही काढून जायचो आणि तिच्या लोणी घातलेल्या खारट चहाचं वाटीभर पाणी डोळे मिटून प्यायचो. ती हळूहळू बोलू लागली. तिबेटात म्हणे मोठा राखणदार कुत्रा दाराशी साखळीला आणि हा लहान घरात. लहान्याचे कान तिखट. चाहूल आधी त्याला लागते, मग तो जाऊन दुसऱ्याला उठवतो.

"ये काम नहीं करता," ती म्हणाली. "खबर देता है. घर में खबर लेनेवाला कौन है?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, मीच की. तिने मला बराच वेळ न्याहाळलं. थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस तिने सेंगेला पिशवीत घालून माझ्या राजदूत मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलं आणि म्हणाली, रहेगा तो रहेगा. मी विनायकला त्याच आठवड्यात कळवलं की आप्सो मिळाला आहे आणि तो मी ठेवला आहे. दुसरं वाक्य लिहिताना जो आनंद झाला तो पगारवाढीनेही कधी झाला नव्हता.

आता घरचं सांगायला हवं. माझी बायको सुमन पवनीची, मागवाल्यांच्या घरची. लग्नानंतर काही वर्षांनी तिला क्षय झाला. त्या काळी त्यावर रोज सुई टोचत. सुयांनी खोकला गेला, पण जाताना तिचे कानही घेऊन गेला. आधी घुंई आवाज येत, मग तेही थांबले. ती ओठांवरून बोलणं ओळखायची. तिच्या माहेरी एका खोलीत इतके माग चालत की खटखटीत माणसं तोंडाकडे पाहूनच बोलत, ती सवय तिच्या कामी आली. पण समोर येऊन, तोंड दाखवून, सावकाश बोलायला वेळ असतो कोणाला? शेजारणी दार वाजवून थकल्या आणि येईनाशा झाल्या. बाई गर्विष्ठ आहे, अशी बोलवा झाली. ती मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसायची. मी फिरतीवरून आलो की माझ्यासमोर येऊन बसायची आणि माझ्या ओठांकडे पाहायची. तिचा रेडिओ मी, तिचं वर्तमानपत्र मी. खरं सांगतो, मला ते आवडायचं. बाहेर माझ्या शेजारचं पान रिकामं राहायचं, घरात मात्र एक माणूस माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेलं असायचं.

सेंगे आला तो माझा म्हणून. मी त्याला स्वतःच्या हाताने कलेजी खाऊ घातली, त्याचे केस विंचरले, ये म्हटलं की ये आणि बस म्हटलं की बस शिकवायला घेतलं. मोकाट वळूला मी दोरीवर आणलेलं आहे. हा वीतभर प्राणी मला दाद देईना. ये म्हटलं की मान वळवून पाहायचा, अर्ज वाचणाऱ्या तहसीलदारासारखा, आणि मग आपल्याला हवं तिकडे निघून जायचा. पहिले काही दिवस तो काही ऐकू आलं की माझ्याकडे धावत यायचा. फाटक वाजलं, आला. मांजर कौलावरून गेलं, आला. मी काय करणार? मलाही ऐकू आलेलंच असायचं. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, हो हो, समजलं, गप. काही दिवसांनी तो माझ्याकडे यायचा बंद झाला.

तो सुमनकडे जाऊ लागला होता. फाटक वाजलं की दाराशी पळायचा, तिथून उलटा तिच्यापाशी, आणि नाक तिच्या गुडघ्याला लावायचा. ती हातातलं सूप खाली ठेवून उठायची, त्याच्या मागे जायची आणि दार उघडायची. दर वेळी. कोणी नसलं तरी दार उघडून, दोन्हीकडे पाहून, त्याला म्हणायची, कोनी नाही रे. मग तो समाधानाने परत कोनाड्यात. कुकरची शिटी झाली की तो वेगळा येई, पुढचे दोन्ही पाय तिच्या मांडीवर टाकून. दूध उतू जाताना होतो तो बारीक आवाजही त्याने शिकून घेतला. या जातीची गोष्ट मला तेव्हा उमगली. तो हुकूम पाळणारा कुत्रा नव्हताच. त्याला आपण आणलेल्या बातमीवर उठणारं माणूस हवं होतं. मी उठत नव्हतो, ती उठत होती. एवढा साधा हिशेब, पण तो समजला म्हणून काही पोटातली आग विझत नाही.

घरात माणसं येऊ लागली. दार वाजलं की उघडतं, हे शेजारच्या कमलबाईंना कळलं, त्यांच्यामागून आणखी दोघीतिघी आल्या. त्या समोर बसून तोंड मोठं करकरून बोलत, सुमन खळखळून हसे. ती बाजारात एकटी जाऊ लागली, सेंगे दोरीला. बाजारात लोक विचारत, काकू, हे अस्वलाचं पिल्लू कोणाचं? ती सांगायची, माझं. घरी येऊन मला ते कौतुकाने सांगायची सुद्धा.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी मी सांगायला बसायचो, अमक्या गावी व्यायलेल्या म्हशीची वार अडकली, तमक्याने असं केलं. ती पूर्वीसारखी समोर बसायची, पण डोळे माझ्या ओठांवर ठरत नसत. सारखे खाली जायचे, सेंगेच्या कानांकडे. त्याचे कान उभे झाले की माझं वाक्य अर्धवट टाकून ती उठायची. म्हैस तिथेच अडकलेली, वार तिथेच लटकलेली, आणि बाई दारात. एकदा मी मुद्दाम बोलता बोलता थांबलो. तिला कळलंच नाही. ती कुत्र्याकडे पाहत होती. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि पोट बिघडल्याचं सांगितलं.

माणसावर जळायचं तर त्याचा काही बंदोबस्त तरी असतो. त्याला टोमणा मारता येतो, त्याच्या घरी जायचं टाळता येतं. या प्राण्याला मी काय टोमणा मारणार? तो माझ्याशी वाईट नव्हता. मी घरी आलो की एकदा शेपूट हलवायचा, सुमनला जाऊन सांगायचा की आले, आणि त्याच्या लेखी माझं काम संपायचं. मीही एक बातमी होतो.

मे महिना लागला. आमच्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. सेंगे जीभ काढून धापा टाकू लागला. जो तो म्हणे, डॉक्टर, याची हजामत करा. ते मी होऊ दिलं नाही, कारण तो केसांचा पडदा ऊनही अडवतो, एवढं मी तोवर वाचलं होतं. सुमनने वाळ्याची ताटी लावली, खाली ओलं पोतं अंथरलं आणि दिवसभर ताटीवर पाणी शिंपडत बसली. एक दिवस त्याने खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं खाल्लं. मी त्याला तपासलं. उन्हाचा ताण होता, पण जिवाला धोका नव्हता. तरी मी डॉक्टरी चेहरा करून सुमनला सांगितलं, इथे हा टिकायचा नाही, नागपुरात विनायकच्या गिऱ्हाइकाकडे थंडाव्याची सोय आहे, तिथे जाऊ दे. ती पुन्हा ताटीवर पाणी शिंपडायला वळली. मी विनायकला फोन करून टाकला. तो रविवारी हजर झाला.

बैठकीत आम्ही बसलो. सेंगे सुमनच्या पायांत. विनायकने त्याला उचलायला हात घातला तर त्याने आधी गुरगुरून बजावलं आणि मग तिच्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसलं. विनायक हात मागे घेऊन हसला. त्याची मिशी त्या काळच्या पद्धतीची, ओठांवर झडप टाकलेली. तो मला म्हणाला, वहिनींचं काही मनावर घेऊ नकोस. त्यांना ऐकू येत नाही ते एका परीने बरंच आहे, समजवायची भानगड नाही. कुरवाळायला काहीतरी हवं असतं बायकांना, मी एखादं पॉमेरेनियनचं पिल्लू पाठवून देईन.

सुमनला त्या मिशीतून काही दिसलं नाही. आपल्याविषयी आहे एवढं कळलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणून राहिले भाऊजी?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे तो नेहमीच थोडा मोठा लागायचा. त्या दिवशी तो रस्त्यापर्यंत गेला असेल.

"माझे कान गेले तेव्हापासून मी हेच पाहून राहिली. या घरात कोणी हसलं, कोणी भांडलं, तुमची आई आसगावाहून येऊन तासभर बोलून गेली, मी विचारते काय झालं, त तुम्ही म्हणता काही नाही. काही नाही त एवढा वेळ तोंडं कायले हलून राहिली होती? हा मले कधी काही नाही म्हणत नाही. पातेलं पडलं तरी येऊन सांगते. न्यायचा त न्या याले. पण मग यानं जेवढं सांगितलं तेवढं तुम्ही मले रोज सांगाल का? सांगता का, बोला."

विनायक ताकाचा पेला ठेवून उठला. फियाट सुरू झाली, सेंगेचे कान उभे झाले, त्याने सुमनच्या गुडघ्याला नाक लावलं आणि ती नेहमीप्रमाणे दारापर्यंत जाऊन पाहून आली.

मी बसल्या जागी बसून होतो. मला शरम वाटली असं लिहिलं तर शोभेल, पण पहिली भावना ती नव्हती. कुत्र्याने मला माझ्याच धंद्यात हरवलं होतं. तिच्यापर्यंत बातमी नेणं हे माझं काम होतं आणि मी समजत होतो की मी ते करतो आहे. जे मला सांगावंसं वाटे ते मी तासन्‌तास सांगायचो, म्हशीच्या वारेसकट. तिने विचारलेलं मात्र कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, थांब लेका, दाखवतोच तुला.

संध्याकाळी मी तिला समोर बसवलं, दिवा माझ्या तोंडावर पडेल असा ठेवला आणि विनायक जे जे बोलला ते शब्दन्‌शब्द सांगितलं. ऐकू येत नाही ते बरं, हेही. पॉमेरेनियनचंही. मग आई आसगावाहून येऊन तिच्याविषयी काय बोलून गेली होती तेही सांगितलं, आणि ते काही गोड नव्हतं. सुमनने सगळं पाहिलं. तिचे डोळे पाण्याने भरले, एकदा नाक ओढलं. सेंगेचे कान मध्येच उभे झाले, मला दिसले. ती माझ्या तोंडाकडेच पाहत होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, भाऊजींले सांगा, मिशी कापून मग घरी या.

तेव्हापासून मी घरातला दुसरा सेंगे झालो. कोण काय बोललं, कोणाच्या घरातून रडण्याचा आवाज आला, रस्त्यावरून वरात गेली तर बँडवर कोणतं गाणं होतं, सगळं. उदार झालो म्हणून नव्हे, त्या लेकाच्या पुढे राहायचं म्हणून. फाटक वाजलं की आम्ही दोघेही धावत सुटायचो, तो गुडघ्याला नाक लावायचा, मी खांद्याला हात. बहुतेक वेळा तोच आधी पोचायचा.

ही जात दीर्घायुषी. आमा-ला मागेच गेली होती, सेंगे मात्र माझी साकोलीहून बदली होऊन मी परत तिथे येईपर्यंत टिकला. शेवटच्या वर्षांत त्याचे कान गेले. फाटक वाजे, हा कोनाड्यात घोरत पडलेला. मी त्याच्या कानाशी टाळी वाजवून पाहिली आणि खात्री केली. डॉक्टर म्हणून वाईट वाटलं. बाकी माणूस म्हणून काय वाटलं ते ओळखायला हरकत नाही. आता मैदान मोकळं होतं.

सकाळी दूधवाला आला की मी सुमनच्या खांद्याला हात लावून सांगायचो, दूधवाला. ती उठायची. पण दाराकडे जायची नाही. आधी कोनाड्यापाशी जाऊन खाली बसायची, सेंगेच्या डोक्यावर हात ठेवायची, तो डोळे उघडून तिच्या तोंडाकडे बघू लागेपर्यंत थांबायची आणि मग सावकाश, ओठ नीट दिसतील अशा बेताने त्याला म्हणायची, दूधवाला आला रे. तो मान उचलून दाराच्या भलत्याच बाजूला एकदा भुंकायचा. मग ती पातेलं घेऊन दार उघडायला जायची. दूधवाला तोवर ताटकळत उभा आणि मी खुर्चीत जळत बसलेलो.